वडिलांच्या माघारी शेत: वारसनोंद, बहिणीचं हक्कसोड आणि विक्रीवरचा कर

रेणाकाठ

नमस्कार मंडळी. मूळ गाव लातूर तालुक्यात, नोकरीमुळे पुण्यात असते. वडील मागच्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या नावावर एकाच गटात १ हेक्टर २० आर जमीन आहे आणि गावठाणात जुना वाडा. मागं आई, थोरला भाऊ (शेती तोच बघतो), धाकटा भाऊ (कॅनडात नोकरीला, पासपोर्ट अजून भारतीयच) आणि मी. मृत्युपत्र केलेलं नाही.

वारसनोंदीसाठी दादा सज्जावर (तलाठ्याच्या कार्यालयात) गेला तर तिथं कायम बसलेल्या एका खासगी माणसानं सांगितलं, "आधी बहिणीचं हक्कसोड घेऊन या, मग काम लगेच होईल. आईचं नाव लावायची गरज नाही." दादाच्या मनात काही वाकडं नाही. त्याला फक्त कटकट नको आहे. पण मला हे पटत नाही, आणि आईचं नाव का लावायचं नाही हे तर मुळीच समजत नाही.

त्यात एका प्लॉटिंगवाल्यानं जमीन मागितली आहे. ऐंशी लाखांपर्यंत बोलतोय. थोडा विसार रोख घ्या आणि मुखत्यारपत्र करून द्या, बाकी आम्ही बघतो, असं म्हणतोय. गावात सगळे सांगतात की शेतजमिनीच्या विक्रीवर कर नसतो. हे खरं आहे का? आणि धाकट्याला सहीसाठी यावंच लागेल का?

सातबारावर भोगवटादार वर्ग १ (म्हणजे मालकीहक्काची जमीन) आहे. इतर हक्कात सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे आणि एक जुनं नाव कुळ म्हणून दिसतं, पण ते कंसात आहे. त्याचा अर्थ काय?


निवृत्त_सज्जा

ताई, वारसनोंदीला हक्कसोड लागत नाही. कुठल्याही नियमात तसं नाही. वारसाहक्कानं मिळालेल्या जमिनीची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४९. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण अर्ज आता देऊन टाका. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, वयं, नाती लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, आठ-अ (खात्याचा उतारा) आणि ओळखपत्रं. ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्या अर्ज जातो, म्हणून त्या खासगी माणसाच्या पाया पडायची गरज उरत नाही. २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम शासनानं याच कामासाठी घेतली होती, मयतांची नावं काढून वारसांची लावायची म्हणून.

पुढची वाट अशी. आधी गाव नमुना ६-क म्हणजे वारस नोंदवहीत वारस चढतात. त्यावरून नमुना ६ मध्ये फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद, निघतो. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि सातबारा बदलतो. हरकत आली तर ती तक्रार केस होते. निकाल पटला नाही तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडं साठ दिवसांत अपील.

आईचं नाव गाळून केलेल्या वारसनोंदी मी नोकरीत पुष्कळ पाहिल्या. "म्हातारीला काय करायचंय" म्हणून गाळतात. नंतर तीच म्हातारी दवाखान्याच्या खर्चासाठी पोरांच्या तोंडाकडं बघते. मुलाची वारस म्हणून आई, नवऱ्याची वारस म्हणून बायको, ही नावं आलीच पाहिजेत. तुमच्या वडिलांची आई हयात असेल तर तीसुद्धा.

आता सातबारा. कंसातलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव. त्याच्या बाजूला वर्तुळात फेरफार क्रमांक असेल, तो फेरफार काढा आणि वाचा. आपल्या मराठवाड्यात कुळांचा विषय मुंबईच्या कायद्यानं चालत नाही, हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५० लागू आहे. काही सातबारांवर "कलम ५०-ब ला अधीन" असा शेरा असतो. म्हणजे ती जमीन मूळ कुळाला त्या कायद्यानं मिळालेली. मालकी प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर शेतसाऱ्याच्या (आकाराच्या) चाळीस पट नजराणा सरकारला भरून ती विकता येते. तुमच्यावर हा शेरा आहे का ते बघा.

दुसरं, जुन्या उताऱ्यात "ए.कु.मॅ." असं कुठं दिसतं का? एकत्र कुटुंब मॅनेजर. तसं असेल तर नाव एका भावाचं असलं तरी हक्क सगळ्या भावांच्या कुटुंबांचा असतो, आणि चुलत घराण्यातून कुणीतरी नोटिशीला हरकत घेणार हे धरून चला. तहसीलच्या अभिलेख कक्षातून १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक आणि तिथून आजपर्यंतचे फेरफार काढून घ्या. त्याच्या मागचे निजामाच्या काळातले कागद उर्दूत मिळतील, काही मोडीत. कुणबी नोंदी शोधायला लागल्यापासून मोडी वाचणारे आता जिल्ह्याच्या ठिकाणी सापडतात.


रेणाकाठ

खूप आभार काका. ए.कु.मॅ. नाही, ५०-ब चा शेराही नाही. फेरफार काढला: वडिलांनी १९८८ मध्ये खरेदीखतानं घेतलेली जमीन आहे, आणि कुळाचं नाव त्याच्या आधीच कमी झालेलं आहे.


वकील_अंबाजोगाई

हे खरेदीखत सापडलं हे फार बरं झालं, सगळं उत्तर त्यावर अवलंबून आहे.

मुलीच्या हक्काचा विषय निघाला की लोक सरसकट वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीचं नाव घेतात. तुमच्या बाबतीत तिची गरजच नाही. जमीन वडिलांची स्वतःची, मृत्युपत्र नाही, म्हणून हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ मधल्या मूळ तरतुदीनंच पत्नी, मुलगे आणि मुलगी हे पहिल्या वर्गाचे वारस. आजी हयात नाही असं धरतो. चौघांना सारखा, प्रत्येकी एक चतुर्थांश. तुमचं लग्न कधी झालं, हुंडा दिला का, दागिने घातले का, याचा या हिश्श्याशी संबंध नाही.

ज्यांची जमीन वडिलोपार्जित आहे त्यांच्यासाठी लिहितो. आपल्या राज्यात १९९४ लाच दुरुस्ती झाली होती, पण ती २२ जून १९९४ ला अविवाहित असलेल्या मुलींपुरती होती. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या कायद्यानं मुलगी जन्मानं सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतली वाटेकरी, झाली. वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात संपवला: हयात असायची गरज नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत किंवा न्यायालयामार्फत वाटणी पूर्ण झाली असेल तर ती उकरता येत नाही. "आमची तोंडी वाटणी कधीच झाली होती" हा बचाव न्यायालय सहजासहजी मानत नाही.

आता हक्कसोड. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम १७ प्रमाणे स्थावर मिळकतीवरचा हक्क सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडं नोंदवावाच लागतो. बाँडवर नोटरी करून, किंवा तलाठ्यासमोर जबाब देऊन हक्क सुटत नाही. तसा जबाब घेऊन बहिणीचं नाव कमी केलं असेल तर ती नोंद आव्हानात टिकायची नाही. पण एकदा नोंदणीकृत हक्कसोड झालं की ते पक्कं होतं. फसवणूक किंवा दबाव सिद्ध केल्याशिवाय मागं फिरता येत नाही. म्हणून रक्षाबंधनाला, वास्तुशांतीला, तेराव्याला सही मागितली तर "वाचते आणि कळवते" एवढंच म्हणा.

आणि सगळ्यांसाठी एक मुद्दा: सातबारा हा महसुली कागद आहे. त्यावरची नोंद खरी मानून चालतात, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. पण फेरफारानं मालकी येत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. मालकी येते ती खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणी, वारसा यांतून. नाव लागलं नाही म्हणून तुमचा चौथा हिस्सा बुडत नाही, पण लावून घेतलं नाही तर पुढं विक्री, कर्ज, भूसंपादन या प्रत्येक वळणावर तुम्हाला तो सिद्ध करत बसावं लागेल.


सोयाबीनवाला_औसा

मी ताईंच्या थोरल्या भावाच्या जागी आहे म्हणून बोलतो, राग मानू नका. बहिणीला हिस्सा नको असं मी म्हणत नाही. पण सामाईक सातबारा झाला की काय होतं ते शहरात राहणाऱ्यांना कळत नाही. पीककर्जाला सगळ्या खातेदारांची संमती, विम्याला संमतीपत्र, विहिरीच्या योजनेला संमती, ठिबकच्या अनुदानाला संमती. एक बहीण पुण्यात, एक हैदराबादला, त्यांच्या सह्या येईपर्यंत पेरा उरकतो. पाऊस न आला तर बियाणं माझं जातं, सोसायटीची नोटीस मला येते. मी राबायलोय वीस वर्षं, आणि जमिनीला भाव आला की सगळ्यांना सातबारा आठवायलाय. हे खोटं आहे का?


बालाघाट_बीड

भाऊ, खोटं नाही. तुमची अडचण मी माझ्या घरात बघते, शेती माझा भाऊच करतो.

पण दुसरी बाजूही सांगते. माझ्या आत्यानं तरुणपणी हक्कसोड करून दिलं. भावावर जीव होता, कुणी जबरदस्ती केली नाही. काही वर्षांनी काका अकाली गेले आणि आत्याला दोन लेकरं घेऊन माहेरी यावं लागलं. तेव्हा ती त्या घरात पाहुणी होती. ज्या शेतात ती लहानपणी तूर खुडायची, त्याच शेतात ती दुसऱ्यांच्या बायांसोबत रोजानं गेली. भाऊ वाईट नव्हता, पण त्याच्या हातात काही राहिलं नव्हतं, तोवर त्याच्या मुलांची वाटणी झाली होती. आमच्याकडं बाया ऊसतोडीला जातात, नवरा गेला की सासरचे दार लावतात, हे कुणाला नवं नाही. माहेरच्या सातबारावरचं एक नाव हा त्यांचा शेवटचा आधार असतो.

कर्ज काढायला सही लागते म्हणून बहिणीचा हक्कच सोडायला लावणं, हे दुखणं आणि औषध यांचा मेळ नाही. सहीची अडचण आहे तर सहीचाच मार्ग काढा.


वकील_अंबाजोगाई

मार्ग आहेत. औसेकरांची अडचण खरी आहे आणि ती हक्क न सोडता सुटते.

बहीण थोरल्या भावाला नोंदणीकृत मुखत्यारपत्र देऊ शकते, फक्त पीककर्ज, विमा, अनुदान, वीज यांच्यापुरतं. त्यात "विक्री, गहाणखत, विसार यांचा अधिकार नाही" हे वाक्य स्पष्ट लिहायचं.

किंवा सरळ वाटणी. सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडं अर्ज. शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरची नोंदणी फी शासनानं २०२५ मध्ये माफ केली, म्हणून खर्चाचं कारण आता उरलं नाही. रेणाकाठ ताईंच्या बाबतीत १२० आर चौघांत म्हणजे ३० आर प्रत्येकी. तुकडेबंदीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, ऑगस्ट २०२३ पासून जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे आहे (गुंठा म्हणजे साधारण एक आर). ३० आर दोन्हीत बसतो, म्हणून चार वेगळे पोटहिस्से होऊ शकतात. हेच क्षेत्र ६० आर असतं तर जिरायतीत प्रत्यक्ष चार तुकडे झाले नसते. मग सामाईक ठेवणं, किंवा कसणाऱ्यानं इतरांना पैसे देऊन हिस्सा घेणं, एवढंच उरतं. पैसे देऊन हिस्सा घेतला तर ती रक्कम बँकेतून द्या आणि दस्तात लिहा.

वाटणीत बांध, विहीर आणि रस्ता लिहायला विसरू नका. सामाईक विहिरीत पाण्याची पाळी कुणाची कधी, हे नकाशासकट दस्तात असेल तर पुढच्या पिढीचे निम्मे वाद तिथंच मिटतात.

आणि प्लॉटिंगवाला. विसार देऊन मुखत्यारपत्र मागतोय म्हणजे त्याला तुमच्या नावावर जमीन ठेवून प्लॉट विकायचे आहेत. पूर्ण पैसे येण्याआधी ताबा आणि रद्द न होणारं मुखत्यारपत्र देऊ नका. मुखत्यारपत्रानं मालकी जात नाही हे २०११ पासून सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय, पण तोवर तिथं वीस लोकांनी बाँडवर प्लॉट घेतलेले असतात आणि त्यांच्या तक्रारीत नाव तुमचं येतं. तो स्वतः शेतकरी आहे का, हेही विचारा. आपल्या भागात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, नाहीतर आधी परवानगी, किंवा जमीन अकृषिक (बिगरशेती) करून घेणं.


सिडकोवासी

मध्येच विचारतो, माफ करा. संभाजीनगरात मी शंभरच्या बाँडवर नोटरी करून प्लॉट घेतलाय, घरही बांधलंय. ते माझं नाहीच का?


वकील_अंबाजोगाई

नोटरीनं मालकी आली नाही. ताबा आणि बांधकाम मात्र तुमचं आहे. दोन गोष्टी तपासा. एक, महानगरपालिकेत गुंठेवारी (गुंठ्यागुंठ्यानं विकलेले विनापरवाना प्लॉट) नियमितीकरण. २००१ च्या कायद्याची मुदत दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाढवली आहे. दोन, मूळ मालक किंवा त्याच्या वारसांकडून नोंदणीकृत खरेदीखत. तुकडेबंदीमुळं अडलेले शहरी हद्दीतले जुने व्यवहार नियमित करायला शासनानं २०२५ च्या शेवटी वाट मोकळी केली आहे, त्याचा उपयोग करा. मूळ मालक म्हातारे असतील तर आजच जा. वारस वाढले की सह्या वाढतात. यासाठी वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.


नांदेडची_सीए

करावर लिहिते. "शेतजमिनीवर कर नाही" हे अर्धंच खरं आहे, आणि या अर्ध्या वाक्यामुळं माझ्याकडं दर मार्चमध्ये लोक नोटीस घेऊन येतात.

ग्रामीण शेतजमीन ही भांडवली मालमत्ता धरत नाहीत, तिच्या विक्रीवर आयकर नाही. पण ग्रामीण कशाला म्हणायचं ते कायद्यानं ठरवलंय. नगरपालिकेची किंवा महापालिकेची लोकसंख्या दहा हजारांवर आणि एक लाखापर्यंत असेल तर हद्दीपासून २ किलोमीटर, एक लाखाच्या वर दहा लाखांपर्यंत ६ किलोमीटर, दहा लाखांच्या वर ८ किलोमीटर. एवढ्या अंतराच्या आतली शेतजमीन शहरी. लोकसंख्या शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेची, म्हणजे सध्या २०११ ची. त्यामुळं हिंगोली, अंबाजोगाईला २ किलोमीटर. लातूर, नांदेड, परभणी, जालना, बीड, धाराशिवला ६. उदगीर २०११ ला एक लाखाच्या जरा वर गेलं, म्हणून तिथंही ६. छत्रपती संभाजीनगरला ८.

अंतर हवाई, सरळ रेषेत. आणि मोजायचं ते महापालिकेच्या हद्दीपासून, शिवाजी चौकापासून किंवा बसस्टँडपासून नव्हे. रस्त्यानं नऊ किलोमीटर असलेलं शेत हद्दीपासून सरळ पाचावर निघतं. तुमचं शेत किती आहे?


रेणाकाठ

बसस्टँडपासून रस्त्यानं साधारण नऊच. गटनकाशा आणि हद्दीचा नकाशा जुळवून पाहिला तर सरळ रेषेत पाचच्या आसपास येतंय.


नांदेडची_सीए

मग करपात्र. तहसील किंवा नगररचना कार्यालयाकडून अंतराचा दाखला घेऊन ठेवा, तर्कावर राहू नका.

हिशेब दाखवते. वारसानं आलेली मालमत्ता मिळते तेव्हा कर नाही. विकताना वडिलांची खरेदी किंमत आणि वडिलांनी ठेवलेला काळ तुम्हाला लागू होतो. जमीन १९८८ ची आहे म्हणून १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य धरता येतं, मात्र त्या तारखेच्या मुद्रांकाच्या मूल्यापेक्षा जास्त नाही. नोंदणीकृत मूल्यांककाकडून अहवाल घ्या.

समजा २००१ चं मूल्य ४ लाख आणि विक्री ८० लाखांना. प्रत्येकाच्या वाट्याला २० लाख, मूळ किंमत १ लाख. २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के, महागाई निर्देशांकाचा लाभ न घेता: १९ लाखांवर २,३७,५००. त्या तारखेआधी घेतलेल्या जमीन-इमारतीला निवासी व्यक्तीला जुना पर्यायही आहे, निर्देशांक धरून २० टक्के. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६ धरला तर १ लाखाचे ३.७६ लाख होतात, नफा १६.२४ लाख, कर ३,२४,८००. म्हणजे तुम्हाला पहिलाच बरा. दोन्हींवर ४ टक्के उपकर वेगळा. २००१ ची किंमत जास्त निघाली तर गणित उलटू शकतं, म्हणून आधी मूल्यांकन, मग बोलणी.

आईंना दुसरं करपात्र उत्पन्न नसेल तर नव्या पद्धतीतली ४ लाखांची मूळ सूट त्या या नफ्यातून वजा करू शकतात. १५ लाखांवरच १२.५ टक्के, म्हणजे १,८७,५००. आईचं नाव गाळलं असतं तर हे पन्नास हजार तसेच गेले असते.

कर वाचवायचा असेल तर दादांना सगळ्यात सोपं. विक्रीआधीची दोन वर्षं त्या जमिनीवर त्यांनी किंवा आईवडिलांनी शेती केलेली असेल आणि दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर तेवढा नफा करमुक्त (१९६१ च्या कायद्यात कलम ५४-ब). नवी जमीन तीन वर्षं विकायची नाही. इथं सातबाराची पीकपाहणी पुरावा होते, म्हणून ई-पीक पाहणी दर हंगामाला करा. तुम्ही सहा महिन्यांत ५४-ईसीच्या रोख्यांत (भांडवली नफ्यावरचा कर वाचवणारे खास रोखे) गुंतवू शकता, पन्नास लाखांपर्यंत, पाच वर्षं अडकतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर अधिनियम २०२५ लागू झाला आहे, त्यात कलमांचे आकडे बदललेत. सीएला कलमापेक्षा सवलतीचं नाव सांगा.

रोख विसार घेऊ नका. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढीच रक्कम दंड, आणि तो घेणाऱ्याला. खरेदीखतात किंमत कमी दाखवूनही उपयोग नाही. मुद्रांकाचं मूल्य दस्तातल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असेल तर तेच विक्रीमूल्य धरतात. व्यवहार पन्नास लाख किंवा वर असल्यानं खरेदीदार निवासी विक्रेत्यांच्या रकमेतून १ टक्का कर (टीडीएस) कापेल, ते विवरणपत्रात परत मिळवा.

कॅनडातल्या भावाचं वेगळं आहे. त्याला २० टक्क्यांचा पर्याय नाही, मूळ सूटही या नफ्यातून मिळत नाही, आणि कपात १ टक्का नसून नफ्यावरच्या पूर्ण दरानं. खरेदीदार घाबरून अख्ख्या रकमेवर कापतात. त्यानं आधीच कमी कपातीचं प्रमाणपत्र काढावं.


टोरांटोचा_परभणीकर

या शेवटच्या मुद्द्याला पुस्ती. मी यातून गेलोय. सहीसाठी यायची गरज नाही. इथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात मुखत्यारपत्र साक्षांकित करता येतं, ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यायचं. मुखत्यारपत्रात गट नंबर, क्षेत्र, कोणता दस्त, सगळं लिहा. मोघम लिहिलेलं दुय्यम निबंधक परत पाठवतात. पैसे एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयाचं इथलं रुपयांतलं खातं) येतात, तिथून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात.

एक गोष्ट आमच्याकडं कुणालाच माहीत नव्हती. अनिवासी भारतीयाला शेतजमीन वारसानं मिळते, पण विकत घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. त्यामुळं ताई, प्रेमापोटी कुणी धाकट्या भावाच्या नावे शेताचा हिस्सा सोडायला किंवा बक्षीस द्यायला निघालं तर थांबवा. आणि तो विकेल तेव्हा भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच.


जालना_समृद्धीलगत

आमची जमीन समृद्धी महामार्गात गेली, म्हणून नाव लावण्याबद्दल सांगतो. मोबदल्याची नोटीस सातबारावरच्या नावांना येते. आमच्या शेजारच्या एका घरात बहिणींची नावं नव्हती. रक्कम भावांच्या खात्यात जायच्या बेताला आली आणि बहिणींनी हरकत घेतली. बरोबरच होतं त्यांचं. पण मग पैसे वाद मिटेपर्यंत अडकले, आणि तेवढ्यात भावानं ज्या जमिनीचा सौदा केला होता तो मोडला. नावं आधी असती तर सगळ्यांच्या खात्यात आपापला वाटा त्याच दिवशी पडला असता. आता शक्तिपीठ महामार्गाची आखणी आपल्या किती तालुक्यांतून जातेय बघा. विरोध करायचा की द्यायची हा ज्याचा त्याचा निर्णय, पण सातबारा आजच नीट करा.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याखालच्या मोबदल्याला कलम ९६ प्रमाणे आयकर नाही, हे सीए ताईंनी लिहायचं राहिलंय.


नांदेडची_सीए

बरोबर. भर एवढीच, की वाढीव मोबदल्यावरचं व्याज करपात्र धरतात, ज्या वर्षी मिळालं त्या वर्षी, निम्मी रक्कम वजा करून. तीन-चार लाखांचं व्याज आलं आणि विवरणपत्रात दाखवलं नाही म्हणून नोटीस आलेली शेतकरी कुटुंबं माझ्याकडं आहेत. आणि थेट वाटाघाटीनं खरेदीखत करून दिलं असेल तर ते निवाड्याखालचं संपादन आहे का, हे कागद दाखवून विचारा.


सोयाबीनवाला_औसा

बीडच्या ताईंनी आत्याचं लिहिलं ते दोनदा वाचलं. वकील साहेब, ते फक्त कर्ज-विम्यापुरतं मुखत्यारपत्र, त्याचा मसुदा टाकता येईल का? आमच्या दोघी बहिणींची नावं अजून लावलेली नाहीत. दसऱ्याला येणार आहेत त्या.


वकील_अंबाजोगाई

टाकतो, वेगळ्या धाग्यात. बहिणींना मसुदा आधी पाठवा, सणाच्या दिवशी हातात देऊ नका.


रेणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा दादाला आणि आईला वाचून दाखवला. दादानं स्वतःच ई-हक्कवर चौघांच्या नावानं अर्ज टाकला, आईचं नाव पहिलं. नोटीस निघाली आहे, पंधरा दिवसांची मुदत चालू आहे. प्लॉटिंगवाल्याला तूर्त नाही सांगितलं. दादाला शेती सोडायचीच नाही, फक्त सोसायटीचं कर्ज त्याच्या एकट्याच्या डोक्यावर होतं म्हणून तो विकायला तयार झाला होता. कर्ज चौघं मिळून फेडायचं ठरवलंय.

वाड्याचं मात्र राहिलं. सातबारात तो येत नाही. तिथं नावं कशी लावायची, आणि पुण्यात माझा फ्लॅट असताना वाड्यावर मला कर लागेल का?


निवृत्त_सज्जा

गावठाणाला सातबारा नसतो ताई. ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढा, त्यावर घरपट्टी कुणाच्या नावे आहे ते दिसेल. ग्रामसेवकाकडं वारसांचा अर्ज द्या. पण नमुना ८ हा कराचा कागद, मालकीचा नव्हे. तुमच्या गावात स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मिळकत पत्रिका तयार असेल, तिथंही वारसनोंदीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. त्या मोजणीनंतर मिळणाऱ्या सनदेवर चतुःसीमा आणि क्षेत्र नीट वाचा. जुन्या वाड्यांची मागची परसबाग मोजणीत शेजाऱ्याकडं गेल्याचं मी पाहिलंय. चुकलं असेल तर आत्ताच अर्ज करा, भिंती उभ्या आहेत तोवर हद्द दाखवता येते.


नांदेडची_सीए

वाडा भाड्यानं दिलेला नसेल तर चिंता नाही. दोन घरं स्वतःच्या वापरातली म्हणून शून्य उत्पन्नाची धरता येतात. एक फ्लॅट, एक वाड्यातला तुमचा हिस्सा. तिसरं घर घेतलंत तर पुन्हा विचारा.